कुत्र्याच्या पिल्लाची पहिली दिवाळी: खेळणं घेताना

पहिली दिवाळी म्हणजे हौस असणारच, जरूर घ्या! नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) खरेदीला गेलात की आधी आकार बघा. चेंडू पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकू शकतो, मोठाच घ्या. मग खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबा. जराही रुतलं नाही, तर दात तुटायची भीती.

नवखे हमखास इथे चुकतात:

- लहान मुलांचे टेडी. प्लास्टिकचे डोळे उपटून गिळले जातात.
- दोरीचं खेळणं देऊन निघून जाणं. सुटे धागे आतड्यात अडकले की थेट ऑपरेशन.
- लाडानं दिलेलं चॉकलेट, लाडवातला मनुका. दोन्ही विषारी! संत्रा बर्फीही नकोच.

सध्या एक पोकळ रबरी खेळणं पुरे. आत बिनमिठाचा दहीभात भरा. फटाके सुरू झाले की तेच द्या, चाटत बसेल.