लॅबमधल्या पहिल्या आठवड्यासाठी

अकरावीच्या सुट्टीत तू सॉफ्ट बायोइलेक्ट्रॉनिक्सच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या मऊ इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, लॅबमध्ये जाते आहेस, ऐकून फार आनंद झाला. मेंदूत बसवायचं उपकरण लगेच हातात येणार नाही. आधी पीडीएमएस ओतायला शीक. हे पारदर्शक सिलिकोन रबर. 10 भाग बेसला 1 भाग क्युरिंग एजंट (रबर घट्ट करणारं रसायन), तेही वजन करून. ढवळलं की मिश्रण बुडबुड्यांनी दुधाळ होतं. व्हॅक्युममध्ये ठेवलं की फेस वर चढतो, फुटतो आणि हळूहळू खालचं सगळं काचेसारखं नितळ दिसायला लागतं. तिथे घाई करू नकोस. राहिलेल्या एका बुडबुड्यावरही रबरावरची वीज वाहून नेणारी सोन्याची बारीक रेघ तुटू शकते.

हातमोजे नायट्राइलचेच घाल. लॅटेक्समधलं गंधक पीडीएमएस घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं. माझा पहिला साचा रात्रभर ओव्हनमध्ये राहूनही चिकटच निघाला आणि कारण कळायला तीन दिवस गेले. म्हणून वहीत सगळं लिही: तापमान, वेळ, अगदी हातमोजेसुद्धा.

आणि उपकरण मऊच का, हे गाईडला नक्की विचार. सिलिकॉन चिपची ताठरता शंभरावर गिगापास्कल, मेंदूची जेमतेम काही किलोपास्कल. श्वासागणिक मेंदू किंचित हलतो, कडक सुई त्याला घासत राहते आणि तिच्याभोवती व्रण धरतो. पीडीएमएसही मेंदूपेक्षा बराच ताठ आहे. हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या मऊ पदार्थाचं, वाचन तिथूनच सुरू कर.