'जसं आहे तसं' लिहिलं म्हणून खोटं वर्णन खपत नाही

प्रश्न : मी वेंगुर्ल्याला राहतो, जुन्या डायकास्ट गाड्या, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या खेळण्यातल्या गाड्या, जमवतो. सोशल मीडियावरच्या एका ग्रुपमध्ये लिलाव चालतात. तिथे 'डिंकी, ट्रायम्फ हेरल्ड, मेड इन इंग्लंड, मूळ रंग, दुर्मिळ शेड, मूळ बॉक्स' असं वर्णन वाचून (डिंकी हा खेळण्यातल्या गाड्यांचा जुना इंग्लिश ब्रँड) बोली लावली आणि 31,000 रुपयांना गाडी घेतली. त्याच विक्रेत्याकडून 6,500 रुपयांचा आणखी एक लॉट घेतला, तो आलाच नाही. पैसे यूपीआयने दिले. गाडी येऊन 19 दिवस झाले. तळाला रिव्हेटऐवजी स्क्रू आहेत, रंग नवा वाटतो. विचारल्यावर त्याने आधी मेसेज केला, 'निकीची असेल, म्हणून वेगळी दिसते.' मग 'जसं आहे तसं, नो रिटर्न असं लिहिलं होतं' म्हणाला आणि ब्लॉक केलं. माझ्यावर चढी बोली लावणारा गडी त्याच्या प्रत्येक लिलावात दिसतो. मी ग्रुपवर त्याला चोर म्हटलं, तर आता मित्राकरवी अब्रुनुकसानीची धमकी देतो. पोलिस म्हणतात, दिवाणी प्रकरण आहे. काय करू? गाडी दुसऱ्याला विकून टाकू का?

उत्तर : गाडी विकू नका. साफ करू नका, स्क्रू खोलूनही बघू नका. का, ते पुढे येईलच.

आधी दावा कशावर उभा करायचा ते पक्कं करा. 'गाडी नकली आहे' यावर भांडायला गेलात तर विक्रेता एखादा जाणकार उभा करेल, तुम्ही दुसरा आणाल, आणि डिंकी कशाशी खातात हे माहीत नसलेल्या ग्राहक आयोगापुढे महिनोन्‌महिने रंगाचीच चर्चा होईल. तुमचा दावा सोपा आहे : लिहिलं एक, पाठवलं दुसरं. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हा अशा विक्रीचा पायाच आहे, विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे.

आणि इथे विक्रेत्यानेच तुमचं काम हलकं केलंय. डिंकीचे साचे पुढे भारतात आले आणि कलकत्त्याला 'निकी टॉईज' नावाने गाड्या निघू लागल्या. निकीचे स्वतःचे शौकीन आहेत, पण ती 'मेड इन इंग्लंड' डिंकी नव्हे. तेव्हा 'निकीची असेल' हा बचाव नाही, आपलं वर्णन चुकल्याची त्याची लेखी कबुली आहे. तो मेसेज जिवापाड जपा.

'जसं आहे तसं, नो रिटर्न' या ओळीला लोक उगाच घाबरतात. मालाच्या स्थितीबद्दल ती थोडीफार चालते : चाक डगमगतं, रंगाचा टवका उडालाय, हे दिसत असताना घेतलंत तर नंतर कुरकुर करता येत नाही. पण 'मूळ रंग' असं ठासून लिहिलं आणि ते खोटं असल्याचं लिहिणाऱ्याला माहीत होतं, तर करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे ती फसवणूक ठरते आणि कलम 19 प्रमाणे तुम्ही करार रद्द करू शकता. 'अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, म्हणून तक्रार नाही' असंही तो म्हणेल. असा कुठलाही कायदा नाही. व्हिडिओ असला तर पुरावा भक्कम होतो, एवढंच.

वेळेचं मात्र गंभीर आहे. माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत नाकारला नाही, तर मालविक्री कायद्याच्या कलम 42 प्रमाणे तो स्वीकारला असं धरलं जातं. मग करार मोडण्याचा हक्क कमकुवत होतो आणि नुकसानभरपाईवर भागवावं लागतं. वाजवी म्हणजे किती दिवस हे कायद्यात लिहिलेलं नाही. 19 दिवस सांभाळता येतील, तीन महिने सांभाळणं अवघड. म्हणून आजच लेखी कळवा : 'अमुक तारखेला मिळालेली गाडी जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नाही. मी ती नाकारत आहे. 15 दिवसांत 31,000 रुपये परत करा आणि गाडी तुमच्या खर्चाने घेऊन जा.' दुसऱ्या लॉटचे 6,500 वेगळ्या परिच्छेदात मागा. गाडी स्वतःहून परत पाठवायची गरज नाही. नाकारल्याचं कळवलं की पुरे, असं कलम 43 सांगतं. पैसे हातात येण्याआधी पाठवलीत तर गाडीही गेली आणि पुरावाही. त्याने ब्लॉक केलं असलं तरी ईमेल आणि स्पीड पोस्ट बंद होत नाहीत. पार्सलवरच्या कुरिअरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वजन असतं. कित्येकदा त्याचा खरा पत्ता तेवढाच एक हाती असतो. ती चिठ्ठी, खोकं, आतला कागद, काही फेकू नका.

आता गाडीकडे. ती उलटी करा, दिवसाच्या उजेडात मोबाईल तळाशी नेऊन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. त्या काळातल्या डिंकीचा तळपत्रा बॉडीच्या आतल्या खांबांवर बसवून खांबाचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. रंग काढायचा तर गाडी सुटी करावी लागते, आणि त्यासाठी ते टोक ड्रिलने उडवण्यावाचून मार्ग नसतो. पुन्हा जोडताना मग स्क्रू येतो, नाहीतर नवं रिव्हेट किंवा डिंक. तुमच्या गाडीला स्क्रू आहेत, म्हणजे ती खोलली गेली आहे. खिडक्यांच्या कडांना आणि बॉडीच्या आतल्या बाजूला रंगाचा फवारा उडालाय का पाहा. बॉक्ससाठी नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या, काही शे रुपयांत मिळतो. खोली अंधारी करून टॉर्च मारा. आजच्या बहुतेक कागदात उजळपणासाठी रसायन असतं, तो निळसर पांढरा लख्ख चमकतो, जुना पुठ्ठा मंदच राहतो. साध्या भिंगातून छपाई पाहिली तर इंकजेटचे विस्कटलेले ठिपकेही ओळखू येतात. हे सगळं फोटोत उतरवा आणि डायकास्टचा जाणता संग्राहक गाठून त्याचं लेखी मत प्रतिज्ञापत्रावर घ्या. सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांचे जाणकार पुष्कळ, पण ते लाकडाचे आणि लाखेचे. जस्ताच्या ओतीव गाडीवर त्यांचं मत टिकणार नाही.

गाडी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी ॲक्सल गंजायला एक पावसाळा पुरतो, आणि गंजली की 'माल तुम्हीच बिघडवला' हे त्याला आयतं मिळतं.

चॅटचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट करा, जाहिरातीची लिंक आणि लिलावाचा सगळा धागा जतन करा, आणि ज्या फोनवर हे आलं तो विकू किंवा रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास क्रमांक, येते. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

मग जायचं कुठे? माझ्या मते आधी ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला, विक्रेत्याच्या गावी नाही. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असली तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते, वकील सक्तीचा नाही, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल, लागली तर पाच, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ जातो, म्हणून तपासणी मागू नका. स्क्रू डोळ्यांनी दिसतो.

खरी अडचण एकच आहे. घरातली जुनी वस्तू एखाद्याने एकदाच विकली, तर तो व्यापारी नाही म्हणून सुटू पाहतो. 2020 चे ई-कॉमर्स नियमही, नियमित धंदा न करणाऱ्या व्यक्तीच्या खासगी व्यवहाराला लागू होत नाहीत. म्हणून तो सतत विकतो हे दाखवावंच लागेल : गेल्या वर्षभरातल्या त्याच्या लिलावांच्या पोस्ट, लॉटचे नंबर, त्याच यूपीआय आयडीवर पैसे भरलेले इतर ग्राहक. या एका मुद्द्यावर सर्वात जास्त मेहनत घ्या. बाकी सगळं असून हे नसेल तर तक्रार उंबरठ्यावरच अडकते. हा व्यवहार नोंदणीकृत मार्केटप्लेसवर झाला असता, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणं भाग होतं, आणि लेखी मागितल्यावर विक्रेत्याचा पत्ताही. ग्रुपमध्ये हे कवच नाही. पुढच्या वेळी ध्यानात ठेवा.

तक्रारीत 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणा. 'नो रिटर्न ही अट अन्याय्य करार आहे' असं लिहू नका, कारण अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्याला तो अधिकार नाही. रक्कम, व्याज, खर्च आणि त्रासाबद्दल माफक भरपाई मागा. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितले की आयोगाचं लक्ष तुमच्या नुकसानीवरून तुमच्या हावेवर जातं.

बोली चढवणाऱ्या गड्याबद्दल : विक्रेत्याने खोट्या बोलीने किंमत फुगवली, तर मालविक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. पण संशय पुरत नाही. त्याने 'जिंकलेले' लॉट काही दिवसांनी पुन्हा लिलावात आले का, ते शोधा. तसे दोन-तीन नमुने तारखांसह मिळाले तर मुद्दा घ्या, नाहीतर सोडा.

पोलिसांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुसता करार मोडणं गुन्हा नाही. पैसे घेतानाच माल द्यायची नियत नव्हती, हे दाखवावं लागतं. त्यासाठी गाडीपेक्षा न आलेला लॉट जास्त उपयोगी : पैसे घेतले, काही पाठवलं नाही, ब्लॉक केलं. त्याच लॉटचा फोटो आणखी कुणाला विकलेला सापडला तर फारच उत्तम. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), आणि खोट्या नावाने खातं चालवलं असेल तर आयटी कायद्याचं 66डी, अशी तक्रार द्या. मेसेज तुम्हाला वेंगुर्ल्यात आले, पैसे तिथून गेले, तेव्हा हद्दीचं कारण चालत नाही. ठाण्याने घेतली नाही तर लेखी तक्रार पोलिस अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

1930 या सायबर हेल्पलाईन नंबरवर आणि सायबर क्राईम पोर्टलवरही नोंद करा. इतक्या दिवसांनी पैसे खात्यात गोठवले जाण्याची आशा थोडी, कारण ती यंत्रणा पहिल्या काही तासांत कामाची असते. पण त्याच खात्यावर इतरांच्या तक्रारी असतील तर त्या जोडल्या जातात. बँकेकडून मात्र फार अपेक्षा धरू नका. तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेचे संरक्षणाचे नियम लागू होतात, इथे पिन तुम्हीच टाकला. क्रेडिट कार्ड असतं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डवरचे पैसे परत, मागता आला असता.

'चोर' ही पोस्ट आज काढा, पण आधी तिचा स्क्रीनशॉट ठेवा. बदनामी हा न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकहितासाठी केलेलं खरं विधान अपवादात बसतं, पण तो बचाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. त्याऐवजी लिहा : 'जाहिरातीत मूळ रंग आणि बॉक्स. मिळालेल्या गाडीच्या तळाला स्क्रू. फोटो सोबत. पैसे परत मागितले, उत्तर नाही.' एवढ्याने बाकीचे सावध होतात आणि त्याला धरायला शब्द उरत नाही.

राहिला विकण्याचा प्रश्न. मूळ म्हणून विकलीत तर याच कलमांखाली तुम्ही आरोपी व्हाल. 'रिपेंट' असं स्पष्ट लिहून विकलीत तर गुन्हा नाही, पण नाकारलेला माल विकणं म्हणजे तो स्वीकारणं, आणि वर 'हा पुन्हा विकायलाच घेतो, ग्राहक नाही' हा मुद्दा विक्रेत्याला फुकट मिळेल. आयोगाने पैसे परत द्यायचा आदेश दिला तर त्यात गाडी परत करा असंही असेल. तेव्हा ती मिळाली त्या स्थितीत, त्याच खोक्यात, तुमच्याकडे हवी.