पुण्याचा पत्ता देणार नाही

सोलापूर

प्रिय मित्रा,

रविवारी माझ्याकडून निघताना तू दोनदा चपला पायांत घातल्यास आणि दोन्ही वेळा त्या काढून पुन्हा सतरंजीवर येऊन बसलास. तिसऱ्या वेळी उंबऱ्यावरूनच विचारलेस की, पुण्यातल्या एखाद्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगचा पत्ता मिळेल का, कारण सोलापुरात कोणीतरी ओळखेल. तेव्हा मी गप्प राहिलो. पुण्याचा पत्ता मी देणार नाही. मीटिंग आपल्याच गावात करायची.

हा हट्ट वाटेल, आणि तो आहेच. माझे एक सबंध वर्ष पुण्याच्या खेपांत गेले आहे. महिन्यातून दोन रविवार मी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचो, अनोळखी माणसांत बसून मन मोकळे करायचो आणि रात्री त्याच गाडीने परत यायचो. पुण्यात एकदाही प्यायलो नाही, याचा मला केवढा अभिमान होता! पण स्टेशनावरून घरी येण्याच्या वाटेवर जो परमिट रूम होता, तिथला वेटर मला पाहिले की न विचारता ग्लास मांडायचा. घरी मी ‘टॉवेलच्या ऑर्डरीसाठी गेलो होतो’ असे सांगत असे. त्याच वर्षी वडील गेले. मुलगा पुण्यात धंदा वाढवतो आहे, अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती.

तलफ येते ती इथे, पाळी सुटल्यावर, आठवड्याचा पगार खिशात असताना, साखर पेठेच्या कोपऱ्यावर. त्या घटकेला अडीचशे किलोमीटरवरच्या माणसाचा काय उपयोग? दहा मिनिटांत सायकल मारत येईल असा माणूस लागतो, आणि तो गावातल्याच मीटिंगमध्ये भेटतो.

ए.ए.ची सुरुवातही अशाच गरजेतून झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा, शेअर बाजारात वावरलेला एक माणूस अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेला होता. काम फसले, हॉटेलातला बार खुणावू लागला, तेव्हा त्याने स्थानिक धर्मगुरूंची नावे शोधून फोन लावले आणि बोलायला याच गावातला एखादा दारुडा मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून गाठ पडली ती तिथल्या एका शल्यचिकित्सकाशी. त्या डॉक्टरांनी जूनमध्ये शेवटचा पेला घेतला आणि त्या दिवसापासून ए.ए.चे वय मोजतात. त्या परक्या गावातही त्याला त्याच गावचा माणूस लागला, एवढे ध्यानात घे.

आता ओळखीची भीती. मीही तीन आठवडे इथल्या मीटिंगच्या खोलीसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून नुसता तिच्या जिन्याकडे पाहत होतो. चौथ्या आठवड्यात वर गेलो, तर समोर बसलेले सुताचे व्यापारी, ज्यांचे चार हजार रुपये मी थकवले होते! त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली, माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि ते पुन्हा बोलणाऱ्याकडे लक्ष देऊ लागले. तिसऱ्या दिवशी मात्र नवी पेठेत भर रस्त्यात अडवून ‘पैशांचं काय करताय?’ असे खडसावले. मीटिंगविषयी अवाक्षर नाही. तिथले तिथेच ठेवायचे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. (उधारी कोणी सोडत नाही, हेही कळले.)

पत्ता मिळवणे अवघड नाही. ए.ए.च्या हेल्पलाइनवर विचार, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचार, किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन कर. मीटिंगच्या खोल्या बहुधा कोणाकडून तरी घेतलेल्या असतात, त्यामुळे वार आणि वेळ बदलू शकते. निघण्यापूर्वी खात्री करून घे. मीटिंग खुली आहे की बंद, तेही विचार, कारण बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची असते आणि खुल्या मीटिंगला तुझी ताईही येऊ शकते. घरच्यांसाठी अल-अनॉन निराळे आहे. फी नाही, बोलण्याची सक्ती नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. ईश्वराचा उल्लेख येतो. त्यावर वाद घालण्यात मी दोन महिने घालवले, तू घालवू नकोस.

सकाळी हात थरथरतात असे तू म्हणालास. मग आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. तिथे माझा अनुभव चालत नाही.

मी माझी चूक तुझ्यावर लादतो आहे, असे आमच्या घरातून मत आहे. बाहेरगावी जाऊन सुटलेली माणसेही आहेतच की, म्हणतात. असतील. दाखल होण्याची वेळ आली तर पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे खुशाल जा, मी स्वतः गाडीत बसवून देईन. पण तिथूनही परतीचे तिकीट सोलापूरचेच काढावे लागते, आणि कोपऱ्यावरचे दुकान तोवर हललेले नसते. तू मला ‘काका, तुम्ही फार कडक बोलता’ म्हणालास. वडिलांशी एकदा तरी खरे बोललो असतो, तर कदाचित मऊ बोललो असतो.

डॉक्टरांना भेटून झाले की, येत्या गुरुवारी साडेसहाला मीटिंगला ये. खालच्या टपरीवर चहा घ्यायचा असेल तर घे, पण एकच. खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. त्या ओळीत डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला जोड दिसला, तर मी आत आहे असे समज.

तुझा,
काका