कठीण काळात विश्वास कसा टिकवायचा? मी ख्रिस्ती आहे पण प्रार्थनाच होत नाहीये.

प्रार्थना होत नाहीये म्हणजे विश्वास संपला असं काही नसतं हो. पप्पांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा माझंही तेच झालेलं, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर बायबल उघडायचो आणि तीच ओळ दहा वेळा वाचायचो, डोक्यात काही शिरायचं नाही. मग आई म्हणाली बायबलमधलं 23 वं स्तोत्र, ते 'परमेश्वर माझा मेंढपाळ' वालं दिलाशाचं, राहू दे, 13 वं वाच. ते सुरूच होतं 'परमेश्वरा, कुठवर?' अशा तक्रारीने. 88 वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी बायबलमध्ये आहेच ना. म्हणजे देवाशी भांडणं हीपण प्रार्थनाच, मला तरी असं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं बघा, दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर 1882 मध्ये नवरा, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला पण म्हणून दुःख थांबलं नाही, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमापण गेली. तरी बाई केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या.

आणि एकटे राहू नका. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुणाला तरी सरळ सांगा, माझ्याने होत नाही, तू माझ्यासाठी प्रार्थना कर. आमच्याकडे दोन मावश्या यायच्या, एक गीत म्हणायच्या, भाजीभाकरीचा डबा ठेवून निघायच्या, उपदेश शून्य. झोपच लागत नसेल तर डॉक्टरलापण दाखवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.