गॅस्ट्रिक बँड बसवलाय, घास अडकतो आणि वजनही थांबलंय. बँड आणखी घट्ट करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बँड बसवायच्या शस्त्रक्रियेला सात महिने झाले, बँड आवळायला चार वेळा सलाइन भरून झालं. चिकन आणि पाव हमखास अडकतो, आठवड्यातून तीन-चारदा खाल्लेलं वर येतं, आणि तरीही दीड महिना वजनाचा काटा हललेला नाही. ओळखीतले बँडवाले म्हणतात, अजून थोडा आवळून घ्या, सुटेल प्रश्न. आणि शेवटी विचारलंय, आयुष्यभर असंच जेवायचं का?

आवळून घेऊ नका. तुमचं वर्णन वाचून मला तर वाटतं तो थोडा सैलच करावा लागेल. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षं पोटात बँड घेऊन वावरणारी बाई आहे. त्यातलं जवळजवळ दीड वर्ष मी नेमकी हीच चूक केली, म्हणून इतक्या ठामपणे बोलतेय.

आपली सगळ्यांची गफलत होते ती बँड काय काम करतो हे समजण्यात. सिलिकॉनचं कडं, त्याला आतून फुगा, फुग्याची नळी कातडीखालच्या पोर्टला जोडलेली, पोर्टमधून सुईने सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कड्याच्या वर जठराची जी इवलीशी पिशवी राहते तिची मापं सांगतात, 15 ते 30 मिली वगैरे. ते ऐकून माझ्या डोक्यात चित्र तयार झालं होतं की ही एक वाटी आहे, वाटी भरली की जेवण संपलं, आणि वाटीचं भोक जितकं बारीक तितकी ती जास्त वेळ भरलेली. तसं नाहीये ते. बँड बरोबर जुळलेला असेल तर नीट चावलेला घास तिथे मुक्काम करत नाही. अन्ननलिका चार-दोनदा आकुंचन पावते आणि मिनिटभरात घास कड्यातून खाली उतरतो. उतरताना तिथल्या नसांवर जो दाब पडतो, तो मेंदूला कळवतो की आता पुरे. म्हणजे भूक शमवणं हे बँडचं काम, वाट अडवणं हे त्याचं काम नव्हे. तुमचा घास अडकतो तेव्हा बँड जास्त जोमाने काम करत नसतो, त्याचं काम बिघडलेलं असतं.

बहुतेक दवाखान्यांत तीन रंगांचा एक तक्ता दाखवतात, तुम्हालाही दाखवला असेल. पिवळ्यात असाल तर दोन जेवणांच्या मध्ये भूक लागते, मोठी ताटं सहज संपतात, तेव्हा सलाइन भरायचं. हिरव्यात थोडक्यात पोट भरतं आणि काही तास भरलेलं राहतं. लालमध्ये अडकणं, वर येणं, जळजळ, रात्रीचा खोकला. त्या लाल रकान्यात शेवटी आणखी एक ओळ असते जी कुणी वाचत नाही: खाण्याच्या सवयी बिघडणं. तुमचं वजन का थांबलंय याचं उत्तर बहुतेक त्या ओळीत आहे.

माझं कसं झालं ते सांगते. पहिल्या वर्षात 21 किलो उतरले. मग काटा थांबला. मी दवाखान्यात जाऊन म्हटलं, थोडं अजून भरा. त्यांनी फारसं काही न विचारता भरलं. अडकायला लागलं तेव्हा मला चक्क आनंद झाला, वाटलं आता खरा बँड लागला! चिकन जाईना, ते सोडलं. भाज्यांच्या शिरा जाईनात, त्या सोडल्या. पाव तर कधीच सुटला होता. मग राहिलं काय? जे न अडकता जातं ते. आईस्क्रीम, चॉकलेट, दुधाची गोड कॉफी, तोंडात विरघळणारी बिस्किटं. बँडला चिकनचा तुकडा दिसतो, आईस्क्रीम दिसतच नाही. मी दिवसभर उपाशी असल्यासारखी वागत होते आणि कॅलरी मोजल्या असत्या तर शस्त्रक्रियेआधी इतक्याच भरल्या असत्या. काटा हलेना म्हणून पुन्हा गेले, पुन्हा आवळून घेतला. असं तीनदा.

मग रात्री खोकला सुरू झाला. मी सगळ्यांना ॲलर्जी म्हणून सांगत होते. तीन उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचे. सकाळी उशीच्या अभ्ऱ्याला आंबट वास यायचा, नवऱ्याला कळू नये म्हणून तो गुपचूप बदलायचे. एका रात्री श्वासच कोंडला, पोटातलं आंबट पाणी घशातून श्वासनलिकेत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बेरियम पाजून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: बँडच्या वर माझी अन्ननलिका फुगून दुधी भोपळ्यासारखी झाली होती.

त्यांनी तिथेच सगळं सलाइन काढून घेतलं. टेबलावर आडवी असताना त्यांनी दोन बोटांनी पोर्ट चाचपला, सुई आत गेली, सिरिंजमध्ये पाणी चढताना मला दिसत होतं. उठून बसले तर हातात पाण्याचा पेला दिला, म्हणाले, प्या. मी सवयीने चिमणीसारखा घोट घेतला. म्हणाले, नीट प्या. मी घटाघट अर्धा पेला प्याले आणि तिथेच रडायला लागले. दीड वर्षात मी पाणी असं प्याले नव्हते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सहा आठवडे बँड रिकामा ठेवला. अन्ननलिका पूर्ववत झाली, सगळ्यांची होतेच असं नाही. त्या काळात पाच किलो वाढले, जोरात भूक लागायची. मग अगदी थोडं थोडं, दर वेळी अर्ध्या मिलीपेक्षाही कमी भरत हिरव्यावर आणलं. आज माझ्या बँडमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पाणी आहे आणि वजन तेव्हापेक्षा कमी आहे. (किती मिली ते विचारू नका. बँडचे प्रकार वेगळे, कुणात चार मिली मावतं, कुणात दहाच्या वर. माझा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. ओळखीतल्यांचे आकडेही नाहीत.)

आता जेवणाबद्दल. घास करंगळीच्या नखाएवढा. तो तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा. गिळला की चमचा खाली ठेवायचा, हातात धरायचा नाही, आणि मिनिटभर थांबायचं. सगळं गणित या मिनिटाचं आहे. पहिला घास उतरायच्या आत दुसरा गेला की रांग लागते, आणि रांग लागली की अडकतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटात काही उरलं तरी उठायचं. जेवताना पाणी नाही. सुरुवातीला मी घड्याळ लावून जेवायचे, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, त्याने एकदा विचारलं, "आई, तुझी परीक्षा चालू आहे का?"

काय अडकतं हे प्रत्येकाचं वेगळं. माझ्याकडे ताज्या मऊ पावाचा आत गेल्यावर गोळा होतो, तोच पाव कडक भाजला तर जातो. कोरडं चिकन नाही, रसातलं, बारीक केलेलं चालतं. चिकट भात नाही. संत्र्याची साल काढून भागत नाही, फोडीवरचा पापुद्राही काढावा लागतो. सकाळी बँड घट्ट वाटतो, त्यामुळे उठल्यावर आधी काहीतरी गरम पिते आणि खाणं उशिरा. पाळीच्या आधी दोन दिवस घट्ट. भांडण झालं असेल तर विचारूच नका. रागात जेवायला बसायचं नाही, हा नियम मी बँडमुळे पाळायला शिकले, बाकी कशाने शिकले नसते.

अडकलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते, कारण पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस घाबरून जातो. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं वाटतं. मग तोंडात लाळ सुटते, साधी लाळ नाही, दाट, तारा सुटणारी, फेसासारखी, आणि थांबत नाही. ऑफिसच्या एका जेवणात मी बोलता बोलता दोन घास घाईने गिळले आणि पुढची वीस मिनिटं स्वच्छतागृहात बेसिन धरून उभी होते. बाहेर लोकांना वाटलं फोन आला असेल. अशा वेळी वरून पाणी पिऊ नका, तुंबलेल्या मोरीत बादली ओतण्यासारखं आहे ते. खाणं थांबवा, उभे राहा, हळू फेऱ्या मारा. मोकळं झालं तरी आतली जागा सुजलेली असते, म्हणून दिवसभर फक्त पातळ. लोक इथेच फसतात. भूक लागते, लगेच जेवायला बसतात, सुजलेल्या जागेवर पुन्हा अडकतं, आणि हे चक्र दोन-तीन दिवस चालतं.

वारंवार उलट्या म्हणजे नुसता त्रास नाही. त्या जोराने खालचं जठर बँडमधून वर सरकू शकतं. बँड सरकला म्हणतात तो हाच प्रकार, आणि त्यात कधी कधी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरत नसेल, किंवा पोटात जोराची, न थांबणारी कळ असेल तर उद्याची वाट पाहू नका, सरळ इस्पितळ गाठा. पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा की मला गॅस्ट्रिक बँड आहे, त्यातलं पाणी काढा. बरेच दिवस उलट्या चालू असतील तर तेही सांगा, कारण बी-1 जीवनसत्त्व संपलं तर मेंदूवर परिणाम होतो, आणि ते नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनने भरून निघत नाही, आणखी बिघडू शकतं. पोर्टच्या जागी शस्त्रक्रियेनंतर खूप उशिरा, कारण नसताना, लाली किंवा पू आला तर तेही साधं गळू समजू नका. बँड आतून जठरात रुतत असेल तर कधी कधी तो असा बाहेर कळतो.

किरकोळ गोष्टी: मोठ्या गोळ्या अडकतात, त्या फोडता येतील का ते विचारून घ्या, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात. आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची औषधं मनाने घेऊ नका. बँडचं कार्ड पाकिटात ठेवा, एमआरआयच्या वेळी लागतं. आणि भूल घ्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हो, घास लहान आणि वेळ जास्त, हे आयुष्यभर. उलट्या आणि बेसिन मात्र आयुष्यभर नाही. नीट जुळलेल्या बँडवर महिना-महिना काही अडकत नाही. वजन हळू उतरतं, आठवड्याला अर्धा ते एक किलो. जठराची बायपास शस्त्रक्रिया केलेल्यांशी तुलना केलीत तर रोज वाईट वाटेल.

आणि एक खरं सांगते, आवडणार नाही कदाचित. 1993 मध्ये बेल्जियममध्ये असा बँड पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला, 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पुढची काही वर्षं तो सगळीकडे चालला. आज बरेच सर्जन तो बसवत नाहीत, स्लीव्ह करतात, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढतात, आणि बसवलेले पुष्कळ बँड काढलेही गेलेत. आज मला निवड करायची असती तर मी बहुधा बँड घेतला नसता. पण तो आत आहे, आणि आमचं आता जमतंय. तुमचं नाहीच जमलं तर काढता येतो, कारण जठर कापलेलं नसतं. फक्त काढल्यावर भूक आणि वजन परतायची शक्यता दांडगी, म्हणून पुढे काय ते सर्जनशी आधीच बोलून ठेवा. बँड काढावा लागणं म्हणजे तुम्ही नापास झालात असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पुढची तारीख कधीची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. दूर असेल तर फोन करून अलीकडे आणा. जाण्याआधी सात दिवस जे जे खाल तेही लिहा आणि काय वर आलं तेही, त्यात आईस्क्रीम असेल तर आईस्क्रीमही. रात्री खोकला येतो का, ते त्यांनी नाही विचारलं तरी सांगा. आणि सुई निघाल्यावर तिथेच बसून पेलाभर पाणी प्या. ते सरळ खाली उतरलं नाही, तर घरी जायला उठू नका.