दोई ताकाको : अध्यक्ष की अध्यक्षा?

जपानच्या समाजवादी पक्षाच्या नेत्या दोई ताकाको यांच्यावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाची शंका आहे : ‘१९८६ साली त्या पक्षाच्या अध्यक्षा झाल्या’ असं लिहायचं, की ‘अध्यक्ष झाल्या’?

माझं मत ‘अध्यक्ष’ला. ‘अध्यक्षा’ व्याकरणाने चूक नाही, संस्कृतात ते रूप सरळ सिद्ध होतं. पण मराठी वाक्यात त्याला काम उरत नाही. बाईंबद्दल बोलणं चाललंय हे ‘झाल्या’नेच सांगून टाकलेलं असतं. शिवाय विभक्ती लावून बघा. ‘अध्यक्षांनी राजीनामा दिला’ हे आदरार्थी रूप बाईंनाही तेच आणि बुवांनाही तेच. फरक दाखवायचाच तर ‘अध्यक्षेने राजीनामा दिला’ म्हणावं लागेल, आणि दोईंचा असा एकेरी उल्लेख कोण करेल? म्हणजे हा ‘आ’ प्रथमेपुरताच, पहिला प्रत्यय लागला की गेला.

जपानीची अडचण निराळी आहे. तिथे पदनाम ‘इइन्चो’. ना नामाला लिंग, ना क्रियापदाला. बाई आहेत हे सांगायला ‘जोसेई’, म्हणजे स्त्री, हा शब्द पुढे जोडावा लागतो. ती गरज मराठीला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग लेखिका, मुख्याध्यापिका, नगरसेविका कसे चालतात? चालतात, कारण ते रुळले आहेत. ‘-क’चं ‘-इका’ होणं मराठीच्या कानाला सहज वाटतं. पण राज्यकारभारातली मोठी पदं बघा : पंतप्रधान, राष्ट्रपती, महापौर, सरपंच. इंदिरा गांधींना कोणी ‘पंतप्रधाना’ म्हटलं नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ शब्दावर बराच खल झाला, शेवटी तोच शब्द राहिला आणि आज कुणाला खटकत नाही. स्त्री नजरेआड होऊ नये म्हणून ‘अध्यक्षा’ लिहिणाऱ्यांचा हेतू मला पटतो. पण ज्या खुर्चीवर आजवर पुरुषच बसले त्याच खुर्चीवर बाई बसल्या, हे ‘अध्यक्ष’ने जास्त ठसतं.

दोईंच्या बाबतीत तर हे ठसायलाच हवं. जन्म १९२८चा, कोबे शहरातला. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात त्या राज्यघटना शिकवत आणि १९६९ साली संसदेत आल्या. १९८६च्या निवडणुकीत पक्षाची धूळधाण उडाली, त्यानंतर पक्ष त्यांच्या हाती आला. १९८९च्या जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४६ जागा जिंकल्या, सत्ताधाऱ्यांना मिळाल्या ३६. ‘डोंगर हलला’ हे त्यांचं तेव्हाचं वाक्य जपानात अजून आठवलं जातं. ऑगस्टमध्ये वरिष्ठ सभागृहाने पंतप्रधानपदासाठी चक्क त्यांची निवड केली. कनिष्ठ सभागृहाने काइफु तोशिकी यांना निवडलं, आणि घटनेच्या ६७व्या कलमानुसार कनिष्ठ सभागृहाचा कौल चालला.

पुढे १९९३ ते १९९६ त्या कनिष्ठ सभागृहाच्या प्रमुख होत्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री. लेखात इथे जरा सांभाळा. लोकसभेच्या धर्तीवर यालाही ‘अध्यक्ष’ म्हटलं तर वाचकाला पक्षाचं पद कुठलं आणि सभागृहाचं कुठलं ते कळणार नाही. मी इथे ‘सभापती’ लिहीन. त्यालाही स्त्रीलिंगी शेपूट नको.

याच काळातली एक गोष्ट लेखात जरूर घ्या. जपानी संसदेत सदस्याचं नाव पुकारताना नावानंतर ‘कुन’ लावायची जुनी प्रथा आहे, सदस्य बाई असली तरी. एरवी ‘कुन’ हे मुलग्यांना, हाताखालच्या माणसाला किंवा बरोबरीच्या पुरुषाला लावतात. दोईंनी ती प्रथा सोडली आणि सरसकट ‘सान’ म्हणायला सुरुवात केली. ‘सान’ कोणालाही चालतं, लहानमोठा, बाई-पुरुष असा भेद त्यात नाही. त्यांच्यानंतर सभापतींच्या तोंडी पुन्हा ‘कुन’ आलं. मराठीत दोन्हींचं ‘श्री.’ किंवा ‘यांना’ करून टाकलंत तर त्यांनी नेमकं काय बदललं ते वाचकाला दिसणारच नाही. तेव्हा हे दोन्ही शब्द तसेच ठेवा, अर्थ एका ओळीत सांगा. लोक दोईंना प्रेमाने ‘ओताकासान’ म्हणत, तेही तसंच असू द्या. ‘ताकाताई’ गोड वाटलं तरी त्या आपल्याकडच्या वाटू लागतात.

नावाचं म्हणाल तर ‘दोई’ हे आडनाव, म्हणून ‘दोई यांनी’ लिहा. ‘ताकाको यांनी’ नको, पुरुष नेत्यांची नावं आपण अशी घेत नाही.

आणि ‘जपानच्या पहिल्या महिला पक्षाध्यक्ष’ हा शब्दप्रयोग टाळाच. घाईत वाचणारा ‘महिला पक्षाच्या अध्यक्ष’ असं वाचतो. ‘जपानमधल्या मोठ्या पक्षाचं अध्यक्षपद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री’ हे लांब आहे खरं, पण त्यात गोंधळ नाही.