होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांच्या भेटीत मुलं नेमकं काय शिकतात?

तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, घरीच शिकतो. नाशिकमधल्या होमस्कूलर कुटुंबांच्या भेटीला त्याला नेलं, तर खेळण्यापलीकडे तो काय शिकेल, असं तुम्ही विचारलंय. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे आणि चार वर्षं आम्ही अशा भेटींना जातोय. त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ कुटुंबं नाशिकच्या पांडवलेणी या जुन्या बौद्ध लेण्यांवर जमलो होतो. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली: २,००० शेकडा दरमहा एक व्याजाने आणि १,००० शेकडा दरमहा पाऊण व्याजाने. एका मुलाच्या बाबांनी लेखाचं भाषांतर छापून आणलं होतं, त्यातलं एवढंच त्यांनी वाचलं. गोवर्धन म्हटल्याबरोबर गंगापूरकडे राहणारा एक मुलगा ओरडला, "हे तर आमच्या शेजारचं गाव!"

पुढचं सगळं मुलांनीच केलं. तेरा वर्षांच्या एका ताईने २,००० चं वर्षाचं व्याज २४० काढलं. माझ्या लेकीला तेव्हा शेकडा म्हणजे काय हेच कळत नव्हतं. ताईने पायरीवर वीस खडे मांडले, प्रत्येक खडा म्हणजे शंभर कार्षापण, आणि दर खड्यामागे महिन्याला एक असं मोजायला लावलं. मग बाबांनी पुढची ओळ वाचली: या लेण्यात पावसाळा घालवणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. वीस बारे २४०. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पोरांच्या हाताखाली जुळला आणि सगळी एकदम उड्या मारायला लागली.

तेवढ्यात एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "मग मूळ पैसे परत कधी घ्यायचे?" ताई अडली. तिने कागद मागून घेतला आणि शोधून काढलं, की मुद्दल परत करायचंच नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखातच लिहिलंय. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यांत जास्त तीच शिकली. आपल्याला येतंय असं वाटत असताना धाकट्याच्या एका प्रश्नाने थांबावं लागणं आणि सगळ्यांसमोर "थांब, बघून सांगते" म्हणता येणं, हे घरात एकट्या मुलाला मी कितीही ठरवलं तरी देऊ शकत नाही. शेकडेवारी मात्र पुस्तकातूनही शिकवता आली असती.

डबे खाल्ल्यावर खाली लगोरी झाली. प्रत्येक घरचे नियम वेगळे, त्यामुळे पहिली वीस मिनिटं नुसता वाद. आम्ही मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते फार जड गेलं. शेवटी सहा वर्षांखालच्यांना एक चेंडू जास्त, असं मुलांनीच ठरवलं आणि खेळ सुरू झाला.

आणखी एक, जे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "कुठल्या शाळेत जातेस?" असं कुणी विचारलं की माझी लेक माझ्यामागे लपायची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी झालेला एक दादा अशाच एका भेटीत तिला भेटला. एनआयओएसच्या दहावीच्या परीक्षेला वयाची चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात, विषय आपण निवडायचे, हे तिने त्याच्याकडूनच ऐकलं. आता ती स्वतःच सांगते, "मी घरी शिकते, पुढे एनआयओएसची परीक्षा देणार." मी हेच तिला दहादा सांगितलं होतं.

पण महिन्यातून एकदा भेटल्याने रोजचा सवंगडी मिळत नाही. त्यासाठी सोसायटीतली, वाड्यातली मुलंच हवीत, तिथे कमी करू नका.

आणि पहिल्याच भेटीत मुलगा तुमच्या मांडीवरून उतरला नाही, तर त्याला पुढे ढकलू नका. माझी लेक पहिल्यांदा जेवणापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. निघताना मात्र पुढच्या भेटीची तारीख तिनेच विचारली.